चौदा नंबरचे मोर

तिसरा हात मारून झाला तरी भिंत गुलाबीच दिसत होती.

हात म्हणजे चुन्याचा एक थर. साध्या भिंतीला दोन हात पुरतात. आमचे रंगारी हुसेन मिस्त्री रोज दापोडीहून सायकलवर येत. त्यांनी कुंचला बादलीत ठेवला आणि दोन पावलं मागे सरले.

"जोगळेकरसाहेब, गेरू आहे हा. बाईनं डिंकाच्या पाण्यात कालवलाय. चुना वाळला की पुन्हा वर येणार."

"मग काय करायचं?"

"खरवडायचं. पण गिलावाही थोडा सुटेल. आणि एक बोलू का? हात चांगला आहे बाईचा. मला असे मोर जमायचे नाहीत."

मी त्यांना म्हणालो, आपल्याला मोरांशी काही कर्तव्य नाही.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीला आमचा कारखाना नुकता सुरू झाला होता. कॉलनीच्या तीन बाजूंना अजून ज्वारीची शेतं होती. मी इस्टेट सेक्शनमध्ये ओव्हरसियर होतो. कामगार 'ओव्हरशेर' म्हणत. क्वार्टरची डागडुजी, नळ, गटारं आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणं, एवढं माझं काम. क्वार्टर चार रांगांत होती. सगळ्यांची भिंत पांढरी, दार करडं, खिडकी दाराच्या उजव्या हाताला. दारावर नंबर होता, तीन इंच उंचीचा, इंग्रजी आकड्यांत. ते आकडे मीच घालून घेतले होते.

अलॉटमेंटच्या कागदावर नियम छापलेला होता : भिंतीत खिळा ठोकू नये, बाहेरून रंग लावू नये. आमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या साहेबांचा या नियमावर फार जीव. रांग एका टोकाकडून पाहिली की सरळ, स्वच्छ दिसली पाहिजे, असं ते म्हणत. त्या सोमवारी राउंडला निघाले असताना ते चौदा नंबरसमोर थांबले. दाराभोवती वीतभर रुंद गेरूचा पट्टा होता. त्यावर चुन्याचे ठिपके, वेल, आणि दोन्ही बाजूंना एकेक मोर.

"जोगळेकर, हे क्वार्टर आहे की देऊळ?"

"नवीन माणूस आहे, साहेब. प्रेस शॉपमधला हेल्पर. धोंडिबा."

"प्रोबेशनवर ना? त्याला सांगा, नियम पाळायचे नसतील तर क्वार्टरसाठी यादीत पुष्कळ जण उभे आहेत. दोन दिवसांत पांढरं करा."

मी मिस्त्रींना घेऊन गेलो तेव्हा धोंडिबा पहिल्या शिफ्टला होता. त्याची बायको ठकूबाई दारात आली. मी तिला नियम वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुसा." मी का, कशाला, काही विचारलं नाही. तेवढं एक वाक्य विचारलं असतं तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती.

आम्ही गुलाबी भिंतीसमोर उभे होतो तेवढ्यात पलीकडून ओरडा ऐकू आला. सतरा नंबरसमोर माणसं जमली होती. तिथे टाइम ऑफिसमधले एक क्लार्क राहत. त्यांची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन अंगणात येऊन उभी होती. आत खाटेवर एक म्हातारा पागोटं मांडीवर ठेवून बसला होता. दोघांनी त्याला दंड धरून बाहेर आणलं. उंबऱ्याला अडखळून तो पडला, कोपर खरचटलं.

"आरं, माझ्याच घरातनं मला का वडताय?" तो विचारत होता. "ठके! पानी दे गं."

ठकूबाई धावत आली. म्हातारा तिचा सासरा होता. तिने त्याला उठवलं, पागोटं झटकून त्याच्या हातात दिलं आणि कुणाकडे न बघता घेऊन गेली.

क्लार्क शिफ्ट सुटल्यावर घरी आले आणि त्यांनी लेखी तक्रार दिली. घरात परका पुरुष शिरला, बायको एकटी होती. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. साहेबांनी मला बोलावलं.

"आधी भिंत, आता हे. उद्या सकाळी तुमचा रिपोर्ट द्या. क्वार्टर रद्द करतो. प्रोबेशनचंही मग बघावं लागेल."

मी निघताना ते म्हणाले, "तुमचं क्वार्टर बघा. एक खिळा नाही. सगळ्यांना दाखवायला न्यावंसं वाटतं."

संध्याकाळी मी दिवाबत्ती करून रिपोर्ट लिहायला बसलो होतो. दारात ठकूबाई आणि धोंडिबा आले. धोंडिबा बाहेरच थांबला. ठकूबाई उंबऱ्याच्या आत आली आणि बोलायच्या आधी तिने चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"दादा, तुमी आजच आलात व्हय हितं ऱ्हायला?"

मला त्या घरात आठ महिने झाले होते. पुस्तकं अजून पोत्यात होती. इंदूच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या हातचं भरतकाम ट्रंकेत होतं. ती गेल्यावर मी पुण्याची जागा सोडली आणि ही नोकरी धरली. ट्रंक उघडायची राहून गेली होती.

"नाही," मी म्हणालो. "बरेच दिवस झाले. घरात कोणी नाही. पत्नी वारली माझी."

ती सांत्वनाचं काही बोलली नाही, ते मला बरं वाटलं. मग तिने सांगायला घेतलं.

"आप्पांच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. मानूस वळकत न्हाई, पर मोठा रंग दिसतो. गावाकडं घर चुकायचं कामच नव्हतं, पायालाच वाट ठावं. हितं समदी दारं सारखी. पयला महिना म्हातारा घरातनं हलला न्हाई. संडासला जायचं तर सुनंनं हात धरून न्यायचं. लाज वाटायची त्यास्नी. जेवन कमी केलं, दादा, जायला लागू नये म्हनून."

मी लेखणी खाली ठेवली.

"मग मी गेरू लावला. लाल दार दिसलं की आपलं. त्या दिवसापास्नं एकटे जायला लागले. पार हमरस्त्यापातूर जाऊन बसायचे, मोटारी ऐकत. आज ते तिकडं असताना तुमी पुसलं, अन् ते चुकले."

"तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"तुमी कागद वाचत व्हता. इचारलं कुटं?"

बाहेरून धोंडिबा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, सायबाशी नीट बोल."

मी विचारलं, "पण मोर कशाला? पट्ट्यानं भागलं असतं."

"भागलं असतं की. पट्टा त्यांचा. मोर माजे." ती पहिल्यांदा किंचित हसली. "म्हायेरी माझ्या दाराला मोर व्हते. मोर काढल्यापास्नं रोज पानी घिऊन येताना वाटायचं, पाव्हनी न्हाई मी हितं, माजंच हाय हे."

ती दोघं गेल्यावर मी आधीचा कागद फाडला. रिपोर्ट लिहायला मला फार वेळ लागला. मी मुळात सावकाश लिहितो. त्यात तीन गोष्टी आल्या. गेरू ही त्या घरची गरज होती. नंबर इंग्रजी आणि बारीक ठेवले ही ओव्हरसियरची चूक होती. आणि ओळखीची खूण चौकशी न करता पुसली ही त्याहून मोठी चूक, तीही ओव्हरसियरचीच; सतरा नंबरमधला प्रकार तिच्यामुळे घडला.

साहेबांनी तो दोनदा वाचला.

"हे स्वतःविरुद्ध लिहिलंय तुम्ही. फाइलला लागेल."

"लागू दे, साहेब."

"नंबर मराठीत करा, मोठे करा. विषय संपला."

"त्या म्हाताऱ्याला मराठीही वाचता येत नाही, साहेब. आणि दिसतही नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. "बरं. पट्टा समजू शकतो. मोर कशाला?"

"मोर तिच्यासाठी आहेत."

"म्हणजे?"

"घर आपलं वाटावं म्हणून."

"पांढऱ्या भिंतीत वाटत नाही? तुमचं क्वार्टर आहे ना तसं?"

"माझ्या क्वार्टरमध्ये कोणी राहतंय असं तिला वाटलं नाही, साहेब. आणि तिचं बरोबर आहे."

साहेबांना इंदूबद्दल माहीत होतं. पण तिचं जाणं आणि माझ्या कोऱ्या भिंती त्यांनी कधी एकत्र करून पाहिल्या नसाव्यात. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला.

"सतरा नंबरवाल्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

"धोंडिबा माफी मागून आलाय. मीही जाऊन आलो. म्हातारा आंधळा आहे हे कळल्यावर त्या बाईच म्हणाल्या, मग त्यांना ढकलायला नको होतं."

साहेबांनी क्वार्टर रद्द केलं नाही. दाराच्या चौकटीभोवती एक वीत जागा रहिवाशांना रंगवायला द्यावी, बाकी भिंत पांढरी राहील, अर्ज करून परवानगी घ्यावी, असा हुकूम निघाला. मला लेखी ताकीद मिळाली आणि ती रास्त होती. हुसेन मिस्त्रींनी चौदा नंबरचा चुना खरवडून दिला. गेरू पुन्हा ठकूबाईनेच लावला. मिस्त्री मदत करू म्हणाले तर तिने त्यांना फक्त वरचा वेल करू दिला, कारण तिचा हात पोचत नव्हता. तिसऱ्या दिवशी आप्पा काठी टेकत एकटे हमरस्त्याकडे गेले. ते परत येईपर्यंत ती दारातून हलली नाही, असं धोंडिबाने मला नंतर सांगितलं.

अर्ज येऊ लागले. कोकणातल्या एका फिटरने शंख काढला. सतरा नंबरच्या बाईंनी निळी कमळं काढली. रांग आता टोकाकडून पाहिली तर पूर्वीसारखी एकसारखी दिसत नसे. साहेब पाहुण्यांना घेऊन आले की घाईघाईने पाण्याच्या टाकीकडे वळत. पोस्टमन मात्र खूश होता.

पुढच्या वर्षी नव्या रांगांचे नकाशे माझ्याकडे आले. प्रत्येक दाराशेजारी मी गिलाव्याची एक चौकट आखून घेतली, रहिवाशाने हवं ते करावं म्हणून. अर्जाची अट काढून टाकायला लावली. लोक राहायला आले. बहुतेकांनी महिन्याभरात त्या चौकटी भरल्या. काहींनी कोऱ्याच ठेवल्या. साहेबांनी मला विचारलं, "यांना हौस नाही का? एखादी नोटीस काढू या?"

मी नको म्हणालो. मला माझ्या कोऱ्या भिंती आठवल्या. कुणाची जागा कोरी का आहे, हे इस्टेट सेक्शनने विचारू नये, एवढी एक ओळ मी नियमांत घालून घेतली. त्यानंतर त्या नियमांत मी बरेच फेरफार केले, पण त्या ओळीला कधी हात लावावा लागला नाही.