मरणाचा सीन

आमच्या शेजारचे फौजीभाऊ एका जागी बसतच नाहीत. लढाईत पदक मिळवलेला माणूस, आता सिनेमात कामं करतो. पण चहासुद्धा अंगणात येरझारा घालत पितो. "बसा नं जी," म्हटलं की म्हणतात, "बसलो का डोकं चालू होते, वयनी."

परवा अड्याळ गावाजवळच्या शेतात, धानाच्या बांधीत शूटिंग होतं. त्यांचा पहिलाच मोठा रोल, म्हणून मी आळीतल्या साऱ्या बायांना घेऊन गेले. गोळी लागून मरताना त्यांनी देशावर लांबलचक बोलायचं होतं. पण ते पडले आणि "पाणी दे, भाऊ," एवढंच म्हणाले. तीनदा तसंच.

डायरेक्टर चिडला. "डायलॉग बोला, नाहीतर दुसरा माणूस घेतो."

फौजीभाऊ उठले. "लढाईत माझ्या मांडीवर जीव सोडला, तवा माझा जोडीदार एवढंच बोलला जी. बाकीचं त्याच्या तोंडात मी कायले घालू?"

वर्दीचा सदरा काढून, नीट घडी करून त्यांनी परत दिला आणि बनियनवरच बांधावरून निघाले.

"हिरो कुठं चालला व तुमचा?" एक बाई हसली. मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्यामागे चालायला लागले.