अर्ध्या गाडीवर सही नाही

सन २०२३. मी सहासष्ट वर्षांचा. नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुट्या भागांचं गोदाम सांभाळत होतो. शिक्षण चौथी. पण कोणत्या रॅकच्या कोणत्या खणात कोणतं बेअरिंग, हे बावीस वर्षं मीच सांगितलं आणि तेच जुन्या कॉम्प्युटरात चढलं. सोमवारी तो बंद होणार होता. तोवर यादी नव्यात गेली नाही, तर माझी बावीस वर्षं पाण्यात.

त्यासाठी एक इंजिनिअर बाई आली, माझ्या मुलीच्या वयाची. शनिवारी सकाळी तिने अख्खी यादी एकदम सोडली. दहा मिनिटांनी पडद्यावर 'टाइमआउट'.

"म्हणजे काय झालं वं?"

"नव्याकडून वेळेत उत्तर नाही आलं, काका. जुन्याने वाट पाहून सोडून दिलं."

"आन् गेलेला माल?"

"नव्यातून पुसला गेला. तुम्हीच म्हणाले होते ना, पूर्ण नाही तर काहीच नाही!"

म्हणालो होतो खरा. मालाची गाडी पूर्ण उतरेपर्यंत मी चलनावर सही करत नाही, कोणी का येईना.

"मग टाइम वाढव."

तिने तास दिला. साठाव्या मिनिटाला पुन्हा तेच. दुपारी तीन तास दिले. तेही गेले आणि नव्यात एक ओळ नाही.

"पाचशे-पाचशे ओळींचे तुकडे करू द्या. अटकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा पाठवू."

"अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहिलं तर? मले तुकडे चालत नाही."

"तुम्ही अख्खा ट्रक एकदम डोक्यावर घेता काय, काका?"

दारातले हमाल खो-खो हसले. मी चष्मा खिशात टाकला आणि बस धरली.

जेवताना बायको म्हणाली, "काहून जी, भाजीशी भांडून राहिले काय?"

काय सांगणार? पोरगी बरोबर होती. सही मी शेवटी करतो, पण उतरलेल्या प्रत्येक पेटीला पाटीवर खडूची रेघ मारतो. गाडी मध्येच अडली तर शेवटच्या रेघेपासून पुढे मोजतो, पहिल्या पेटीपासून नाही. सहीचं तिला ठणकावून सांगितलं होतं. रेघांचं सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार, सुटी. सकाळी पहिल्या बसने गेलो, गोदामातली पाटी तिच्या टेबलाला टेकवली आणि एक ते चाळीस रॅकचे आकडे लिहिले. सोमवारच्या आत काम उरकायला तीही आली, तेव्हा म्हटलं, "रॅक-रॅकने पाठव. एक पोचला का एक रेघ." माफी मागितली नाही. खडू मीच धरला.