देवळात कोण कुठे बसतं

चौकात हमरस्त्याला लागून करीमभाईंचं गॅरेज आहे. आमच्या घरी फोन नाही, म्हणून आमचे निरोप वर्षानुवर्षं तिथेच येतात. त्या शनिवारी सकाळी करीमभाई स्वतः दारात आले. "बाई, कर्जतचा फोन हाय. जरा लवकर चला." मी ओले हात पदराला पुसत निघाले, आणि वाटेत भांडणाची तयारी करत होते. कर्जतचा फोन म्हणजे माझा भाऊ दाविद, आणि दादाला फोनवर हळू बोलता येत नसे. "सलोमे, उद्या प्रभुभोजन आहे, मनुका संपल्यात, घेऊन ये!" असं तो ओरडला की गॅरेजमधली पोरं हातातले पाने ठेवून हसायची. आज त्याला चांगलं सुनवायचं, असं ठरवून मी रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे वहिनी. "वन्सं, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. अंगणात खुर्ची टाकून उद्याचा उपदेश मनाशी घोकत बसला होता, तो तसाच बसल्या बसल्या प्रभूघरी गेला. मी मात्र त्या क्षणी रडले नाही. मनुका घ्यायच्या आहेत, हेच कितीतरी वेळ डोक्यात फिरत राहिलं.

आता काही आठवडे उलटलेत आणि मला त्याच्याबद्दल लिहायला सांगितलंय. रेव्हरंड दाविद रणपिसे यांच्या जीवनकार्याचा आढावा वगैरे मला जमणार नाही. एका माणसाने एक साधी गोष्ट बदलली आणि ती बदललेली राहावी म्हणून जन्मभर नेट धरला, तेवढंच मला सांगायचंय. माझा भाऊ होता म्हणून नव्हे... खरं तर माझा भाऊ होता म्हणूनच, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो आणि भेटलो की एकमेकांना 'सलाम' करतो. कर्जतला भिसेगावच्या अंगाला आमचं देऊळ आहे, मिशनने बांधलेलं, दगडी भिंतींचं आणि कौलारू. दादाच्या आधी आमचे वडील, आबा, तिथले पाळक होते. काळा झगा, उंच व्यासपीठ आणि समोर सागवानी बाकांच्या रांगा. त्या बाकांवर आबांचा फार जीव. दर नाताळाआधी त्यांना तेलपाणी व्हायचं आणि आम्हा भावंडांना त्या वासाने नाताळ जवळ आल्याचं कळायचं. बाकांवर कुणाची नावं लिहिलेली नव्हती, तशी गरजही नव्हती. पहिलं बाक रेल्वेतल्या इसहाक गार्डांच्या घराचं, त्यामागचं शाळामास्तरांचं, त्यामागे आणखी कुणाकुणाचं. आणि बाकं संपली की दारापर्यंत चटया. चटयांवर कळंबकडून चालत येणारी शेतमजूर कुटुंबं बसायची. ती मागाहून ख्रिस्ती झालेली. 'त्यांना खालीच बरं वाटतं,' असं आमच्याकडे म्हणत. पुढच्या बाकांवरच्यांचे आजे-पणजेही गावकुसाबाहेरूनच आले होते, आमचे आजोबासुद्धा. आम्ही फक्त दोन पिढ्या आधी आलो होतो, आणि तेवढ्या अवधीत आम्हाला बाकं मिळाली होती.

याचं खरं रूप दिसायचं ते प्रभुभोजनाच्या रविवारी. मनुका उकळून त्यांचा रस आमच्याच स्वयंपाकघरात व्हायचा. भाकरीचा तुकडा आणि मग रसाचा एकच प्याला, एकाने ओठाला लावून शेजाऱ्याच्या हाती द्यायचा. प्याला पहिल्या बाकापासून निघायचा आणि सगळ्यात शेवटी चटयांवर पोचायचा. उलटा प्रवास कधी झाला नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. चटईवरच्यांनी ओठ लावलेला प्याला बाकावरच्यांनी घ्यायचा, ही कल्पनाच कुणाला सहन झाली नसती. आबाही यात काही वावगं मानत नव्हते. ते दुष्ट नव्हते, पण त्यांना ही चाल कौलांइतकीच देवळाचा भाग वाटायची.

आबा थकले आणि मंडळीने, म्हणजे देवळाच्या सभासदांनी, दादाला पाळक नेमलं. छप्पन सालचं धर्मांतर होऊन काही वर्षं झाली होती, त्या दिवसांतली गोष्ट. सखाराम जाधव म्हणून कळंबचा एक रेल्वेचा गँगमन दादाचा मित्र होता. त्याचं घर बौद्ध झालं होतं, पण बहीण ज्या घरात दिलेली ते ख्रिस्ती होतं. हा आला की 'जयभीम' म्हणायचा, दादा 'सलाम' म्हणायचा, आणि मग दोघं आमच्या ओट्यावर चहा पीत धर्मावर तावातावाने बोलत बसायचे. एका संध्याकाळी दादा ऐन रंगात आला होता. मंडळी हे एक शरीर आहे, त्यात लहान-मोठं कुणी नाही... सखारामने सगळं ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "पाळकसाहेब, तुमच्या देवळात आमचा मेव्हना कुटं बसतो?"

दादाने हातातली बशी खाली ठेवली.

"आमी बुद्दाचा इहार बांधतोय," सखाराम म्हणाला. "अजून भिंती नाय का छप्पर नाय, निस्ती सारवलेली जमीन हाय. पर तितं मागं बसनारा कुनी नाय. तुमचं देऊळ मोटं हाय, मी नाय म्हनत नाय."

त्याचा आवाज चढलाही नव्हता. तो गेल्यावर दादा बराच वेळ ओट्यावरच बसून राहिला. मी जेवायला हाक मारली तर म्हणाला, "सलोमे, इतकी वर्षं आपण बाकं मोजली गं. माणसं मोजलीच नाहीत." मी म्हटलं, "उपदेशाला चांगलं आहे, पण आधी जेव." थट्टा केली खरी, पण त्याचा चेहरा मी पाहिला होता. पुढच्या प्रभुभोजनाला तो काहीतरी करणार, हे मला कळून चुकलं.

आणि त्याने केलं. कुणाला विचारलं नाही, की आधी सूचना दिली नाही. विचारलं असतं तर पंचांनी वर्षभर बैठका घेतल्या असत्या. भाकरी वाटून झाली, दादाने प्याला उचलला, आणि पहिल्या बाकाशी न थांबता मधल्या वाटेने सरळ चालत दारापर्यंत गेला. तिथे शेवटच्या चटईवर कळंबची येसूबाई बसायची. तिच्यापुढे गुडघ्यावर बसून त्याने प्याला तिच्या हातात दिला. बिचारी गोंधळली. "आदी तिकडं जाऊ द्या, पाळकसाहेब," असं ती पुटपुटली. दादा म्हणाला, "आजपासून इथूनच, बाई." प्याला चटयांवरून फिरू लागला, आणि तो बाकांच्या दिशेने येतोय म्हटल्यावर इसहाक गार्ड उठले. कोट नीट केला, बायकामुलांकडे पाहिलं आणि चालते झाले. त्यांच्यामागे दुसरं बाक, मग तिसरं. बुटांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. बघता बघता बाकं मोकळी झाली. उरले ते पहिल्या बाकाच्या टोकाला आबा, आणि पेटीपाशी मी.

प्याला चटयांवर सगळ्यांकडे फिरून पुन्हा येसूबाईच्या हातात आला होता आणि जवळच्या बाकांवर पुढे द्यायला कुणीच नव्हतं. ती दादाकडे बघू लागली. दादा आबांकडे बघत होता. आता आबाही उठून गेले असते तर दादाचं पाळकपण तिथेच संपलं असतं. मला तर वाटतं, त्याने झगाच उतरवून ठेवला असता. येसूबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, प्याला दोन्ही हातांत धरला आणि त्या रिकाम्या बाकांमधून सावकाश चालत पुढे आली. आबा बसल्या जागेवरून कुणासाठी उठत नसत, बाहेरून येणाऱ्या मिशनच्या साहेबांसाठीसुद्धा नाही. ते काठी टेकत उठून उभे राहिले. "सलाम, बाई," म्हणाले, तिच्या हातून प्याला घेतला आणि प्यायले. मग माझ्या हाती दिला. त्या दिवशी माझ्या भावाइतकाच मला माझा बापही फार मोठा वाटला. घरी आल्यावर आबा एवढंच बोलले, "उपदेश फार लांबतो तुझा." बाकांचा विषय त्यांनी पुढे कधीच काढला नाही.

दादाला मात्र धीर कसला तो नव्हताच. त्याने बाकंच बाहेर काढली आणि सगळ्यांना सरसकट चटया घातल्या. आपण स्वर्ग खाली आणला अशा तोऱ्यात तो आठवडाभर वावरला. रविवारी उपासना संपली, आशीर्वाद झाला, आणि निम्म्या म्हाताऱ्या उठेचनात! कुणाला हात धरून उठवावं लागलं, कुणी भिंतीला धरून 'आई गं' करतंय. येसूबाईची सासू तर दादाला म्हणाली, "बाबा, आमच्यासाटी केलंस ते झ्याक केलंस, पर माजं गुडगं कोन बगनार?" मी इतकी हसले की शेजारणीने मला चिमटा काढला. पुढच्या रविवारी थोडी बाकं परत आली, भिंतीकडेने लावली गेली, आणि नियम झाला की ज्याचे गुडघे दुखतात तो बाकावर, बाकी सगळे खाली. घराणं, नोकरी, गाव काही विचारायचं नाही, फक्त गुडघे विचारायचे. दारात उभं राहून ते विचारायचं काम येसूबाईकडे आलं आणि तिने ते मोठ्या ऐटीत केलं.

बाकांवरून उठून गेलेल्यांनी तक्रार केली होतीच. मिशनच्या वरच्या मंडळाकडून चौकशीला माणसं आली. दादाची बदली होणार, कदाचित पाळकपदच जाणार, अशी कुजबुज होती. येसूबाईने दारातच त्यांच्या प्रमुखांना अडवलं. "साहेब, गुडगं बरं हाय ना?" साहेबांना वाटलं, बाई आपुलकीने चौकशी करतेय. "नाही हो, फार त्रास आहे," ते कळवळून म्हणाले. "मंग तुमी बाकावर. आनि ह्ये तरणे साहेब हायत, त्यांनी खाली बसायचं." तरणे साहेब विजारीची इस्त्री सांभाळत चटईवर बसले. त्यांच्या एका बाजूला कळंबचा मजूर होता, दुसऱ्या बाजूला शाळामास्तर. मास्तर तोवर परत आले होते. उपासना झाल्यावर प्रमुख दादाला म्हणाले, "दाविद, हे देऊळ वाटतच नाही. लग्नाची पंगत वाटते." दादा म्हणाला, "मग बरोबर जमलंय, साहेब." पंगतीतही आधी कोण बसणार हे आपल्याकडे ठरलेलं असतं, पण ते साहेबांना त्या वेळी सुचलं नाही, हे दादाचं नशीब. बदली झाली नाही.

इसहाक गार्ड मात्र परतले नाहीत. दर रविवारी ते कल्याणच्या देवळात जायचे. त्यांच्या पत्नी शांताबाई वर्षभराने एकट्याच आल्या. "माझे गुडघे कल्याणपर्यंत जात नाहीत," असं त्यांनी येसूबाईला सांगितलं आणि मुकाट्याने बाकावर बसल्या. मागाहून मुलं आली. दादा दर नाताळाला गार्डांच्या घरी करंज्या घेऊन जायचा, ते करंज्या घ्यायचे आणि आत या म्हणायचे नाहीत. तरी हा पुढच्या नाताळाला पुन्हा जायचा. "कशाला अपमान करून घेतोस?" मी एकदा चिडून विचारलं. "करंज्या तर घेतात ना," तो म्हणाला. माझ्या भावाचा हट्ट हा असा होता. वहिनींनी त्याच्यापायी काय काय सोसलं, ते त्यांनाच ठाऊक.

पुढे पुण्यात एक परिसंवाद झाला. आधुनिक मंडळी कशी असावी, असा विषय होता. दादाला बोलावणं आलं आणि मी हौसेने त्याच्याबरोबर गेले. लोक फार छान बोलले. गिटार असावी, ध्वनिक्षेपक असावा, उपदेश आटोपशीर असावा. यावर मी दादाला कोपराने ढोसलं. इमारती नव्या धर्तीच्या असाव्यात, असंही कुणी म्हणालं. दादाची पाळी आली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला एकच विचारायचंय. तुमच्याकडे प्याला कुठून निघतो आणि शेवटी कुणाकडे पोचतो?" आणि खाली बसला. त्याचं आयुष्यातलं तेवढं एकच भाषण लांबलं नाही. सभागृहात कुणीतरी खाकरलं, मग अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. परतताना मी त्याला म्हटलं, "जरा सविस्तर तरी बोलायचंस." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "आपल्याकडेसुद्धा मी असेपर्यंतच टिकेल की काय, कोण जाणे," असं म्हणाला. तेव्हा मला कळलं, की त्याच्या मनाला इतकी वर्षं हीच एक गोष्ट खात होती. आपण बळजबरीने लावलेली शिस्त आपल्या पाठोपाठ पुसली जाईल आणि बाकं परत रांगेत उभी राहतील, याची त्याला भीती होती. मी 'छे, काहीतरीच' म्हटलं, पण खात्री मलाही नव्हती...

गेल्या रविवारी, तो गेल्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन होतं. मनुका मीच नेल्या. नवे पाळक तरुण आहेत, दूरवरून आलेले, चांगले वाटतात. भाकरी वाटून झाली. त्यांनी प्याला उचलला आणि साहजिकच समोर बसलेल्या मुलीपुढे धरला. ती इसहाक गार्डांची नात, नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली. मी पेटी वाजवायची थांबले. त्या मुलीने नम्रपणे हात जोडले आणि हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, आधी दारापासून."

नव्या पाळकांना उमगेना. "का बरं?" त्यांनी विचारलं.

मुलीने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने खांदे उडवले. तिचे आजोबा कशासाठी उठून गेले होते, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. "का म्हणजे..." ती म्हणाली, "सगळीकडे असंच असतं ना?"