कमलताईंचं फडकं

कमलताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि ओट्यावरच्या फडक्याला हात लावायच्या, डॉक्टरनं नाडी बघावी तसा. फडकं ओलसर असलं तर "बरं चाल्लंय तुमचं," म्हणून बाहेर येऊन बसायच्या. कुबट वास आला तर त्या घरच्या माणसांची धडगत नसे. आमच्या कर्जतच्या आळीनं त्यांचा हा आगाऊपणा निमूट सोसला, कारण बहुतेक घरांतलं ते फडकं त्यांनीच विणलेलं असायचं.

त्यांचं माहेर पोशीरचं आणि बोलणंही शेवटपर्यंत तिकडचंच. मुलगा मिलिंद खालापूरकडच्या एका कारखान्यात कामाला. तिथे कामगारांचे सुती हातमोजे तेलकट झाले की टाकून देत, ते तो पिशवी भरून घरी आणी. कमलताई ते सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, कडकडीत वाळवायच्या आणि मनगटाकडची शिवण कापून उसवायला बसायच्या. तळवा सरसर उसवायचा, बोटं मात्र अडायची. "काम बोटांनी केलंय ना, ती नाय सोडत लवकर," असं म्हणत त्या दोऱ्याची गुंडी करायच्या. सुयाही सायकलच्या तारा घासून केलेल्या. त्यांवर जाडसर, पाणी पिणारं, जरा करड्या रंगाचं फडकं तयार व्हायचं.

आळीत नवी सून आली की कमलताईंचा आहेर हाच. सुना तो कौतुकानं शोकेसमध्ये मांडायच्या. एकीनं त्यावर फुलदाणी ठेवली होती. कमलताईंनी फुलदाणी उचलून तिच्या हातात दिली आणि त्याच फडक्यानं टेबलावर सांडलेला चहा पुसून टाकला. "पुसायला केलंय गं बाय, पुजायला नाय." पोरीचं तोंड एवढंसं झालं, मग तिलाच हसू आलं.

माझी बायको वारली तेव्हा मला चहासुद्धा करता येत नव्हता. सारा जन्म रेल्वेच्या नोकरीत गेला, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात मी पाहुणाच. मग डबा लावला. पुण्याहून मुलगा रोज फोन करायचा, "बाबा, घराला कुलूप लावा आणि या इकडे." मुलगा चांगला आहे, सूनही. पण हे घर सोडलं तर बायको पुन्हा एकदा जाईल, असं मला वाटायचं. आणि इथे राहायचं तर डब्यावर किती दिवस काढणार? शेवटी हरलो आणि उन्हाळा सरला की येतो, असं कबूल करून बसलो.

हे कमलताईंच्या कानावर गेलं. त्याच दुपारी त्या आल्या आणि नेहमीसारख्या ओट्याशी गेल्या. फडकं पापडासारखं कडक झालेलं. 

"भावजी, वहिनी गेली. चूल नाय गेली."

"मला नाही जमायचं, कमलताई."

त्यांनी पिशवीतून दोन तारा आणि गुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. "हे इणा आदी."

"अहो, मला भूक जेवणाची आहे, फडक्याची नाही!"

"ठावं हाय. पण ह्ये फडकं वहिनीचं, म्हून तुमी त्याला हात लावत नाय. सवताचं करा. सवताचं फडकं असलं की वटा बी सवताचा वाटतो."

त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

मग हा म्हातारा ओटीवर बसून विणू लागला आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची करमणूक झाली. टाका सुटला की मी सगळं उसवायला निघायचो. "ऱ्हाऊ द्या," कमलताई ओरडायच्या, "भोक पडलं म्हून पुसायचं थांबतंय का?" एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला चिंचोळं, असं शेताच्या तुकड्यासारखं फडकं अखेर झालं. त्यांनी बायकोचं फडकं धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिलं. "येवढं येक ठेवलंत तर चालतंय," म्हणाल्या. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर चहा, मग भात, मग पिठलं. त्या स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या, पण पळीला हात लावायच्या नाहीत. "जळलं तर जळू दे, तुमचंच हाय." मी पुण्याला कळवलं, येत नाही.

गेल्या थंडीत कमलताई झोपेतच गेल्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. आळीतल्या बायकांनी आपापसांत कामं वाटून घेतली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कशाला? मी घरी आलो, तांदूळ धुतले, कांदा चिरला. डोळ्यांत पाणी येत होतं, त्यात पिठल्याला गुठळ्या झाल्या.

संध्याकाळी बुद्धवंदना झाल्यावर पानं वाढली. मिलिंद सकाळपासून ना बोलला होता ना रडला होता. समोरच्या भाताकडे नुसता बघत होता. त्याच्या बायकोनं माझ्या घरचं पातेलं ओळखलं. "काका, हे कुणी केलं?"

"मी."

मिलिंदनं मान वर केली. "आईनं शिकवलेलं?"

"हो. पण गुठळ्या झाल्यात रे."

त्यानं ताट जवळ ओढलं. पहिला घास घेतला, आणि मग जेवता जेवताच तो लहान मुलासारखा रडू लागला.