गठाणींच्या गल्लीतला फुटबॉल

मनमाडहून निघालेली छोटी गाडी सरहद्दीवरच्या स्टेशनात थांबली आणि निजामाच्या करोडगिरीचा (जकातीचा) कारकून डब्यात चढला. माझ्या पिशवीत फुटबॉलच्या आत घालून फुगवायचे दोन रबरी ब्लॅडर होते. जालन्याच्या करीम उस्तादांना एका सामन्यासाठी ते हवे होते. पुण्यातल्या त्यांच्या जुन्या सोबत्याने माझ्याकडे दिले होते. कारकुनाने एक उलटसुलट करून पाहिला आणि फुगवून दाखवायला सांगितले. मी फुगवला. सगळा डबा हसला.

"जाओ मियाँ," कारकून म्हणाला, "फुग्गे पे महसूल नहीं."

जालन्यात वाट विचारावी लागली नाही. सरकीच्या वासामागून गेले की जिनिंगचा कारखाना येतो. करीम उस्ताद तिथे जमादार होते. वय पन्नाशीचे, डावा गुडघा न वाकणारा. हैदराबादेतल्या एका पलटणीच्या संघात ते बरीच वर्षे आघाडीला खेळले. गुडघा गेला, त्यामागून नोकरी गेली. जालन्यात येऊन त्यांनी कारखान्यातल्या हमालांचा संघ उभा केला.

मैदान म्हणजे कारखान्याचे आवार. हंगामात ते गठाणींनी (कापसाच्या दाबलेल्या गठ्ठ्यांनी) भरते. मग दोन रांगांमधल्या गल्लीत सराव चालतो. तिथे चेंडू लांब मारायला जागा नाही. पायाशी, जवळ आणि चटकन द्यावा लागतो. इतकी अचूक देवघेव मी पुण्यात पाहिली नव्हती.

संध्याकाळी उस्तादांकडे खिचडी आणि खट्टा (चिंचेचे आंबट सार) जेवताना कारखान्याच्या शेठची अट कळली. अंबडला औरंगाबादच्या संघाशी सामना होता. जिंकले तर आवाराचा मागचा भाग कायम मोकळा राहणार; हरले तर गल्लीसुद्धा बंद, तिथेही गठाणी रचणार.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या लॉरीतून अंबडला निघालो. वाटेत चाक काळ्या मातीत रुतले. खेळाडूंनी उतरून लॉरी ढकलली आणि आतच बसून राहिल्याबद्दल मला दोन टोमणे मारले.

अंबडचे मैदान चहूकडून उघडे होते. खेळ सुरू झाला आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. उस्तादांचा सगळा संघ मधल्या अरुंद पट्ट्यातच खेळत होता, दोन्ही बाजूंना गठाणी असल्यासारखा. औरंगाबादकर कडेने मोकळे धावत होते. मध्यंतरापर्यंत त्यांनी दोन गोल केले.

डाव्या कडेला टेंभुर्णीचा नारायण होता. उस्तादांनी विचारण्याआधीच तो म्हणाला, "कडंला गेलो की अंग आकसून राह्यलंय, उस्ताद. गठाण लागंल असं वाटतंय."

"गलती तुझी न्हाई. गल्ली म्या शिकवली." उस्ताद लंगडत डाव्या रेषेवर जाऊन उभे राहिले. "हितं गठाण न्हाई, मी हाय. माझ्या पायजम्यावर धूळ उडाली पायजे. बराबर?"

"आन् धक्का लागला मंग?"

"मी पडंन. तू थांबू नको."

उत्तरार्धात नारायण दोनदा रेषेच्या अलीकडूनच वळला. तिसऱ्यांदा वळला नाही. उस्तादांना धक्का बसला, ते आडवे झाले. नारायणाने मागे पाहिले नाही. त्याने आत दिलेल्या चेंडूवर गोल झाला. पुढे औरंगाबादकरांना दम टाकता आला नाही. पण दुसरा गोल काही झाला नाही.

परतताना शेठ लॉरीत पुढे बसले होते. "करीमभाई, शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले.

"बिलकुल. सकाळच्या भोंग्याआधीचा वेळ तर आमचा?"

"तो तुमचाच."

सकाळी स्टेशनकडे जाताना माझा टांगा कुंडलिका नदीच्या पुलावरून गेला. खाली पाणी आटून एका कडेला गेले होते. उरलेल्या कोरड्या पात्रातून खेळाडू गोटे वेचून काठावर टाकत होते. उस्ताद काठीने वाळूत रेषा ओढत होते, एका काठापासून थेट पाण्यापर्यंत. हे नवे मैदान अंबडच्या मैदानापेक्षाही रुंद होते. पायजमा कालचाच होता.

सरहद्दीवर तोच कारकून भेटला. "फुग्गेवाले साब, जीते क्या?"

हरले, असे मी सांगितले.

"तो फुग्गे वापस नहीं लाए?"

"नाही. त्यांना लागणार आहेत."

एक ब्लॅडर चेंडूत होता. दुसरा उस्तादांनी जपून ठेवला होता, पहिला फुटेल तेव्हासाठी.