लासिनेमचा धुवायचा हात

गाडुंगचा कंद मुळातच विषारी. काप करून राखेत घोळायचे, वाहत्या पाटात भिजवायचे, धुऊन धुऊन हात दुखले की मगच तळायचे. लासिनेमचे काप खाऊन गावात आजवर कुणाचं पोट दुखलं नव्हतं.

म्हणून भात संशोधन केंद्रातली विडुरी त्याच कंदाचं विष मागायला आली, तेव्हा लासिनेमला हसूच आलं. विडुरीला ते कोंड्यात कालवून भातातले उंदीर मरतात का पाहायचं होतं. शिवाय मेलेले उंदीर खाणारी, शेतातल्या पेटीत राहणारी घुबडं जगतात का, तेही. एरवी लासिनेमनं तिला वाटेला लावलं असतं. पण नवऱ्यानं, कार्जोनं, घरात तारेचं भेंडोळं आणून ठेवलं होतं. उंदीर हटले नाहीत तर तो बांधावर वीज सोडणार होता. मागल्या हंगामात अशाच तारेला चिकटून शेजारचा पामिन गेला होता, आणि लासिनेम त्या भेंडोळ्याला हातही लावत नसे.

पहिला प्रयोग साफ फसला. पिंजऱ्यातले उंदीर कोंडा खाऊन टुणटुणीत. उंदराला उंदीर म्हटलं तर तो चिडतो, म्हणून गावात त्याला 'देखणे साहेब' म्हणतात.

"साहेबांना पाहुणचार मानवला," कार्जो म्हणाला. "आता तार ओढतो."

विडुरी लासिनेमला आईच्या मानानं 'बू' म्हणे. तिनं विचारलं, "बू, काप केलेत तरी कसे?"

लासिनेम सगळं सांगत गेली आणि राखेपाशी येऊन अडखळली. "अगं बाई. मी धुतले की ते. कुणाच्या तोंडात जायचं म्हटल्यावर हात ऐकतो होय?"

कार्जो पोट धरून हसला, आणि हसण्याच्या भरात आणखी एका खेपेला कबूल झाला.

या वेळी विडुरी शेजारीच बसली. हात राखेकडे वळला की लासिनेम स्वतःच त्याला चापट मारी. पिंजऱ्यातले उंदीर मेले. मग बदकांची चोच पोचू नये म्हणून कोंडा बांबूच्या नळ्यांत भरून बांधावर ठेवला. लासिनेम रोज घुबडांच्या पेटीखाली जीव मुठीत धरून उभी राही. आत पिल्लं फिस्कारली की तिचा जीव भांड्यात पडे. भात पिवळं व्हायला लागलं तोवर शेतातले उंदीर कमी झाले होते, आणि ती पिल्लं उडाली.

एका शेतावरून काही ठरत नाही, पुढच्या हंगामात पुन्हा पाहू, असं विडुरीनं बजावलं. लासिनेम घरी आली तर कार्जो घरापासून फणसाच्या झाडापर्यंत त्याच भेंडोळ्यातली तार बांधत होता.

"धुण्याची एवढी हौस तुला," तो मान वर न करता म्हणाला, "वाळत कुठे घालणार?"

लासिनेमनं त्याचा ओला सदरा पिळला आणि ती तार उघड्या हातानं धरून तिच्यावर टाकला.