वरून दिसलेलं ताईचं शेत

ऑफिसात त्याला सगळे 'घार' म्हणत. उपग्रहाने टिपलेली चित्रं पाहून पुरात कुठलं पीक गेलं आणि कुठलं तगलं ते ठरवायचं, हे त्याचं काम. डोळ्यांवर मात्र जाड भिंगांचा चष्मा, त्यावरून चेष्टाही व्हायची.

पुराच्या त्या आठवड्यात थोरली बहीण फोनवर रोज एकच सांगे, "पाणी बांधाला लागून परत फिरलं बघ. मका उभा आहे. तू बायकोकडे लक्ष दे." बायकोचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली होती. ताईच्या बोलण्याने त्याचा जीव भांड्यात पडायचा.

मग ढग पांगले आणि नवं चित्र आलं. या चित्रांत जोमदार पीक लाल दिसतं, पाणी काळं. नदीकाठाने सरकत सरकत तो ताईच्या गावापाशी पोहोचला. तिचं शेत म्हणजे नदीच्या वळणात घुसलेला तिकोनी तुकडा, टोकाला विहीर. तिथे लाल नव्हतं. काळंही नव्हतं. सगळं पांढरंफटक होतं.

पांढरं म्हणजे वाळू. नदी शेतावरून गेली होती आणि जाताना पात्रातली वाळू तिथेच ओतून गेली होती.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुराआधीचं चित्र शेजारी लावलं. बांध नाही, गोठा नाही, विहीरसुद्धा नाही. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अहो, काय झालं? असे काय बसलात?" त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

जिन्यात जाऊन त्याने फोन लावला.

"जेवलास का रे?" ताईने विचारलं.

"मका कसा आहे?"

"डोक्याएवढा झालाय."

"ताई, मी आत्ता तुझं शेत बघून आलोय. वरून."

"मेल्या, तुला नेमकं हेच काम मिळालं का?" ती म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली. पुरापासून ती आणि भावोजी गावातल्या शाळेच्या वर्गात राहत होती. भावोजी सकाळपासून कुदळ घेऊन विहीर शोधत होते.

नात्यातलं शेत आपण तपासायचं नाही, असा नियम होता. त्याने ते गाव शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे तपासायला सोपवलं, सासूबाईंना बायकोपाशी बसवलं आणि बस पकडली.

शेतात भावोजी कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होते. त्यांनी मान वर केली. 'या' म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

"अजून वाळूच लागतेय," ते म्हणाले.

त्याने बूट काढले आणि फावडं उचललं. खणलेलं पुन्हा ढासळत होतं. संध्याकाळपर्यंत काळी माती काही लागली नाही. ताईने चहा आणला. तिघं खड्ड्याच्या कडेला बसून प्यायली.

विहीर त्या वर्षी सापडलीच नाही. ताई भाचीच्या बारशाला आली ती भावाकडेच राहिली. भावोजींनी वाळूत कलिंगडं लावून पाहिली. थोडी आली.